होडीच्या वाटचं पाणी

चैत्र संपता संपता धरणाचं पाणी मागं सरायला लागतं. काठावरच्या चिखलावर एकाखाली एक रेघा उमटतात, रोज थोडं थोडं उतरलेल्या पाण्याच्या. मग गावातले मासेमार होड्या वर ओढून उपड्या घालतात आणि डागडुजीचा हंगाम सुरू होतो. यंदाही सुरू झालाय. आता सगळ्या होड्या फायबरच्या, निळ्या नाहीतर पिवळ्या. चीर पडली की नळदुर्गहून डबा आणायचा, चिरेवर जाळीचं कापड डकवायचं, वरून डब्यातलं रसायन फासायचं. अर्ध्या दिवसात होडी पुन्हा पाण्यावर. त्या रसायनाचा वास थेट डोक्यात चढतो. माझे मालक तोंडाला रुमाल बांधून ते काम करतात. मी त्यांची भाकरी घेऊन काठावर जाते, आणि त्या निळ्या-पिवळ्या पाठींमध्ये उगाच एक काळी पाठ शोधत राहते.

ती होडी माझ्या सासऱ्यांची होती. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांची होडी लाकडाची होती आणि आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठी होती.

माझं माहेर भूमकडचं. तिकडं आम्ही पाणी घागरीच्या मापानंच ओळखायचो. एका तांब्यात आधी तोंड, मग हात, मग पाय धुवायचे आणि ते पाणी खाली जिथं पडेल तिथं शेवग्याचं झाड लावलेलं असायचं. आई भांडी राखेनं घासून कापडानं पुसायची. अशा घरातली मी लग्न होऊन नळदुर्गजवळच्या या गावात आले, बोरी नदीच्या धरणाकाठी, भोयांच्या घरात. वरातीचा टेंपो वळणावर आला आणि खाली ते सगळं पाणी दिसलं. मला आजही आठवतं, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की एवढं पाणी उघड्यावर ठेवलंय, कुणी झाकत कसं नाही?

मी हे कधीतरी मालकांना सांगितलं, त्यांनी मामांना सांगितलं. मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला काठावर घेऊन गेले आणि म्हणाले, "बस होडीत."

"मला भ्या वाटतं मामा."

"वाटू दे. भ्या वाटतंय तवर माणूस नीट बसतंय."

मी बसले. त्यांनी वल्हं मारलं आणि काठ हळूच मागं गेला. होडीच्या तळाशी पायाखाली पाण्याची गार थरथर लागत होती. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ठेवली होती. उतरताना बघितलं तर तळहाताला काळा डांबराचा डाग लागलेला. तो चार दिवस गेला नाही आणि मला तो जावा असं वाटतही नव्हतं.

त्या होडीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. ती बांधली बसप्पा सुतारांनी. त्यांचं गाव आमच्यापासून दीड कोसावर, कर्नाटकाच्या अंगाला. त्यांच्या घरात कानडी, बाहेर मराठी. बसप्पांनी जन्मभर बैलगाड्या केल्या, नांगर केले, तिफणी केल्या. होडी कधी बघितलीही नव्हती. मामांनी त्यांना मातीत काठीनं रेघा ओढून दाखवलं, की अशी पाहिजे. बसप्पांनी फळ्या सागवानाच्या घेतल्या, पण आतल्या फासळ्या मात्र बाभळीच्या, कारण गाडीला बाभूळच लागते आणि त्यांचा हात बाभळीवर बसलेला. लोक थट्टेनं म्हणायचे, मारुती भोयाची होडी पुढून बघितली तर होडी आणि आतून बघितली तर बैलगाडी. मामांना ती थट्टा आवडायची.

वैशाखात होडी काठावर आली की बसप्पा यायचे, पाठीवर हत्यारांचं पोतं टाकून, चालत. दोघे म्हातारे आधी काही न करता होडीभोवती एक फेरी मारायचे. मग मामा बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवून बघायचे. टक्, टक्, टक् आणि मध्येच एखादा आवाज बसका यायचा. तिथं बसप्पा कोळशानं फुली मारायचे. जुनं डांबर खरवडायचं, सांध्यांतला कुजका कापूस उकरून काढायचा, सैल खिळे बदलायचे. तीन दगडांवर लोखंडी कढई चढायची. कुटलेली राळ जवसाच्या तेलात मंद आचेवर विरघळायची, काकवीसारखी दाट व्हायची. तो वास केसांत आठवडाभर राहायचा.

माझं काम कापसाचं. देवाच्या समईला वाती वळतात तशा, पण हातभर लांब आणि बोटाएवढ्या जाड. मांडीवर कापूस वळून वळून कातडी लाल व्हायची. त्या वाती राळेत बुडवून बसप्पांच्या हातात द्यायच्या; ते बोथट पटाशीनं आणि मोगरीनं त्या सांध्यात ठोकून बसवायचे. शेवटी बाहेरून डांबराचा हात.

एकदा मी विचारलं, "एवढं जुनं लाकूड हाय, कवा तरी मरंलच की?"

बसप्पा पटाशी थांबवून म्हणाले, "आमच्या कानडीत झाडाला, लाकडाला 'मर' म्हणत्यात. पण लाकूड मरत न्हाय बाई. त्याला माणूस मारतंय."

"कसं?"

"सुकवून."

मामांनी मान हलवली. मग मला समजावून सांगितलं, की लाकडाची होडी पाण्यात असते तोवर फळ्या फुगलेल्या असतात, एकमेकींना घट्ट धरून असतात. महिना-दीड महिना काठावर राहिली तर चालतं. तेवढ्या दिवसांतसुद्धा ते तिच्यावर ओली पोती टाकायचे. पण त्याहून जास्त दिवस ऊन लागलं तर फळ्या आक्रसतात, खिळ्यापाशी चिरतात. "माणसागत हाय बघ," असं काहीतरी ते म्हणणार असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "म्हणून पोती वाळू द्यायची न्हायत. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं होतं. हेच मला सांगायचंय. मला माहीत नव्हतं असं नाही.

मग तो उन्हाळा आला, ज्याच्या आदल्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नव्हता. होळीच्या आधीच होडी काठावर आली. आणली असं नव्हे. पाणीच तिच्या खालून निघून गेलं, मग मामांनी ती तिथंच उपडी घातली. पाणी रोज लांब गेलं, आणि पाडव्यापर्यंत धरणाच्या मधोमध एक डबकं तेवढं उरलं. जिथं होड्या चालायच्या तिथं भेगाळलेली जमीन, आणि त्या भेगांमध्ये वाळलेले शिंपले. माझे मालक हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला लागले. गावातली निम्मी माणसं कुठं कुठं पांगली. दिवसभर घरात मी, माझी चार वर्षांची मुलगी आणि मामा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

मामा त्या डबक्यातून कावडीनं पाणी आणायचे आणि होडीवरची पोती भिजवायचे. सकाळी एकदा, दुपार कलल्यावर एकदा. खाली शिरून आतल्या बाजूला ओला चिखल लिंपायचे. लोक बघायचे. कुणी म्हणायचं, "मारुतीबुवा, नवरीला हळद लावताय का?" ते ऐकून घ्यायचे. वैशाख लागला आणि डबकंही आटलं. चिखलात मेलेल्या माशांचा वास गावात आठ दिवस होता.

गावाला टँकर सुरू झाला. तीन दिवसांनी एकदा, कधी चार दिवसांनी. भर दुपारी टँकरचा आवाज आला की बायका हातातलं टाकून पळायच्या. मी त्या पळण्यात पटाईत होते. माझं लहानपण त्यातच गेलेलं. गावातल्या बायकांना पाण्याला उभं राहायची सवय नव्हती, त्या रडकुंडीला यायच्या. मी नाही. मी घरात आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या माहेरचं काहीतरी या घराच्या उपयोगाला येत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा जरा ताठाही होता. रांजण कुठवर भरलाय हे मला न बघता सांगता यायचं. कुणाला किती तांबे हे मी ठरवून टाकलं होतं.

मामांनी आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे आणि आंघोळीच्या वाटचं पाणी कळशीत घेऊन काठावर जायचे. मी काही बोलले नाही. मग ऊन वाढलं, तेवढं पाणी पुरेना. तेव्हा ते सकाळी ऊन चढायच्या आत कुठंतरी चालत जायला लागले. बसप्पांकडं जातात एवढं मला माहीत होतं. दुपारच्या आत परत यायचे, घामानं निथळत, आणि न बसता कळशी घेऊन पुन्हा होडीकडं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला घरात करमत नाही. जातात दोस्ताकडं गप्पा मारायला. मला त्याचाही राग यायचा. एवढ्या उन्हात चालून घरचं पाणी आणखी पितील, असं माझ्या मनात यायचं. आज ते लिहितानाही हात थांबतोय.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला मुलीला जुलाब झाले, ताप आला. नळदुर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून गार करून पाजत राहा, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. त्या दिवशी टँकरची पाळी चुकली होती. मी मुलीला शेजारणीच्या ओट्यावर निजवून पलीकडच्या वस्तीवर पाण्याला गेले, दोन तास उभी राहिले आणि एकच घागर घेऊन आले. घरात येऊन रांजणाचं झाकण उचललं. सकाळी बघितलं होतं त्यापेक्षा पाणी खाली गेलं होतं. किती, ते मला लगेच कळलं. कळशीभर.

मी घागर तिथंच ठेवली आणि काठावर गेले. ऊन असं होतं की चप्पल चिकटत होती. लिंबाच्या झाडाखाली पाच-सहा माणसं बसली होती, दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन जात होत्या. मामा होडीवरच्या पोत्यांवर पाणी शिंपडत होते. ओतत नव्हते, ओंजळीनं शिंपडत होते, फळीफळीवर, एकही थेंब बाजूला न जाऊ देता.

"मामा, रांजणातलं पाणी कुठं गेलं?"

त्यांनी वळून बघितलं. "माझ्या वाटचं आणलं गं. माझं व्हतं तेवढंच."

"वाटचं? घरात लेकरू तापानं फणफणलंय, आन् तुमी पाण्याच्या वाटण्या करताय?"

"तसं न्हाय पोरी. आता एक-दोन दिस जरी सुकली, तर खिळ्यापशी..."

"सुकू द्या!" मी ओरडले. "लाकडाला तहान लागत न्हाय मामा. माणसाला लागती. तुमाला माणसं दिसत न्हायत का?"

लिंबाखालची माणसं वळून बघायला लागली. बायका थांबल्या. मामांच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग त्यांनी कळशी उचलली, तिच्या तळाला थोडं पाणी राहिलं होतं, आणि ती माझ्यापुढं धरली.

मी ती घेतलीसुद्धा.

मुलगी पाच-सहा दिवसांत बरी झाली. भांडणाच्या दिवशी संध्याकाळी मालक घरी आले तेव्हा त्यांना गावातून सगळं कळलेलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बरं केलंस. माझ्या तोंडातनं ते आलं नसतं." बायका पाण्याला भेटल्या की म्हणायच्या, बाई असावी तर अशी. त्या उन्हाळ्यात मी गावात शहाणी ठरले.

मामा पुन्हा रांजणाकडं वळले नाहीत. मी तांब्या भरून समोर ठेवला की प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. सकाळचं बसप्पांकडं जाणंही त्यांनी बंद केलं. दारात बसून जुनं जाळं उसवत राहायचे. दुपारी सगळं गाव निपचित पडलं की काठाकडून आवाज यायचा. कट्ट. वाळलेली फांदी मोडल्यासारखा. लाकूड तडकत होतं. तो आवाज आला की मामांची बोटं जाळ्यात थांबायची. थोड्या वेळानं पुन्हा चालायची. मी चुलीपाशी बसून तेच ऐकत असायचे, आणि आम्ही दोघंही काही ऐकलं नाही असं दाखवायचो.

एकदाच मी बोलायचा प्रयत्न केला. टँकर नुकताच येऊन गेला होता, रांजण काठोकाठ होता. म्हटलं, "मामा, आज जरा जास्त हाय पाणी. पोती भिजवायची का?"

ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता काय."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, भाद्रपद सरता सरता, परतीचा. पण आला तो असा, की चार दिवसांत धरण अर्धं भरलं. सगळं गाव काठावर जमलं. मामा होडीपाशी गेले, मी त्यांच्या मागं. त्यांनी वाळकी पोती काढली. होडी उपडीच होती. मी खाली वाकून आत बघितलं, तर फळ्याफळ्यांच्या मधून उजेडाच्या रेघा आत आलेल्या. चाळणीतून याव्यात तशा. मामांनी बोट पुढं केलं, पेरानं एक फळी वाजवली आणि दुसरी वाजवली नाही.

बसप्पांना निरोप गेला. ते आले, आता काठी टेकत. मी न सांगता कापूस घेऊन बसले. आधी कधी वळल्या नव्हत्या एवढ्या वाती मी दोन दिवसांत वळल्या, जाड जाड. वाटत होतं, भेगा मोठ्या असतील तर वाती मोठ्या वळू, त्यात काय. बसप्पांनी त्या हातात घेऊन बघितल्या आणि बाजूला ठेवल्या.

"आता न्हाय ठोकायच्या बाई. सुक्या सांध्यात गच्च कापूस भरला आन् मग लाकूड फुगलं, की जागा न्हाय मिळणार. खिळे उपटून फळ्या सुटतील. आदी पाणी पिऊ दे तिला."

होडी उथळ पाण्यात नेली, आत दगड भरले आणि बुडवून ठेवली. अकरा दिवस. मामा रोज काठावर बसायचे. मीही काम आटोपून जायचे, जरा लांब बसायचे. पाण्याखाली ती काळी आकृती दिसायची, तिच्यातून बुडबुडे यायचे, आधी पुष्कळ, मग कमी. बाराव्या दिवशी दगड काढून होडी वर घेतली. बरेचसे सांधे मिटले होते, माझा विश्वास बसेना. पण तळाच्या दोन फळ्या खिळ्यांच्या ओळीनं लांबच लांब चिरल्या होत्या. त्या फुगून मिटणाऱ्या नव्हत्या.

"या दोन बदलाव्या लागतील," बसप्पा म्हणाले.

मालक म्हणाले, "आबा, कशाला आता? फायबरची घेऊ. हलकी असती, डांबर न्हाय, राळ न्हाय." ते मामांना आबा म्हणायचे.

मामा म्हणाले, "घ्या की." इतक्या सहज म्हणाले की मालकांनाच पुढं काय बोलावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता नळदुर्गला गेले. लाकडाच्या वखारीत बाई एकटी येते म्हणून तिथली माणसं बघत होती. मी सागवानाची फळी मागितली, होडीच्या तळाला लागेल एवढी; पैसे एकीपुरतेच होते. चांगली सरळ, गाठ नसलेली बघून घेतली आणि एसटीच्या टपावर घालून आणली. फाट्यावर उतरून डोक्यावर घेतली. घामानं आणि धुळीनं माखून अंगणात आले तेव्हा बसप्पा आणि मामा दोघेही ओट्यावर होते.

बसप्पांनी फळीवर नख दाबून बघितलं. मग नाकाशी नेली.

"लई चांगली हाय," ते म्हणाले. "पण ओली हाय गं. कच्ची. सावलीत वरीसभर ठेवावी लागंल. आता बसवली तर वाकंल."

मी तिथंच खाली बसले. मला ओलं आणि वाळलेलं लाकूड ओळखता येत नव्हतं. पाण्यातलं सगळं कळतं असा ज्या बाईचा ताठा होता, तिला तेवढं कळलं नव्हतं.

मामा उठले, त्यांनी ती फळी माझ्याजवळून घेतली आणि घराच्या मागं सावलीत, खाली विटा लावून आडवी ठेवली. "बसवू की फुडच्या साली," ते म्हणाले.

बसप्पांनी तूर्तास चिरांवर आतून बाहेरून पत्रा मारला, खाली राळेतला कापूस घालून. माझ्या जाड वातींपैकी दोनच वापरल्या. होडी पाण्यावर तरंगली, पण पाणी झिरपत राहिलं. दिवाळीनंतर एका सकाळी मामा मला म्हणाले, "चल, पाणी काढायला माणूस लागंल."

मी डबा घेऊन बसले. ते वल्हं मारत होते. धरण शांत होतं, पलीकडच्या काठावर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. आम्ही मधोमध आलो, जिथं उन्हाळ्यात भेगा पडल्या होत्या त्याच जागेवर. खालून पाणी येत होतं, मी डब्यानं काढून टाकत होते. तेवढ्यात मला वाटलं, आता बोलावं. इथं कुणी ऐकणारं नाही.

"मामा, त्या दिवशी म्या..."

"पाणी काढ गं," ते म्हणाले. "लई साचलंय."

मी खाली बघितलं. खरंच साचलं होतं, घोट्यापर्यंत. मी काढत राहिले. डबा भरायचा, टाकायचा. काठ येईपर्यंत मान वर केली नाही. त्यांनी मला बोलण्यापासून वाचवलं, की ऐकण्यापासून स्वतःला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. उतरताना त्यांनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला नव्हता तसा. पण तो म्हातारपणानं धरला असेल.

माघात मामा गेले. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, नळदुर्गला न्यायला जीप दारात उभी असताना गेले.

दहाव्याला बसप्पा आले. विधी आटोपल्यावर माणसं पांगली, ते एकटेच लिंबाखाली बसून राहिले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत म्हणाले, "तुला ठावं हाय का, त्या दुष्काळात म्हातारा रोज सकाळी माझ्याकडं यायचा."

"व्हय. गप्पा मारायला."

"गप्पा कुठल्या. पाणी प्यायला यायचा." बसप्पांनी डोळे पुसले नाहीत, फक्त मिटले. "आमच्या भावकीच्या हिरीला तळाला पाणी व्हतं. भरून न्यायला कुणालाच परवानगी नव्हती, पर दारी आलेल्याला प्यायला कोण न्हाय म्हणतंय? यायचा, पोटभर पाणी प्यायचा, आन् लगीच निघायचा. म्या म्हटलं, मारुती, दीड कोस चालून पाणी प्यायला येतोस, घरी सून पाणी देत न्हाय का? तर म्हणला, देती की. बराबर मोजून देती, कमी करत न्हाय. पर ते होडीच्या वाटचं."

मी उभीच होते. दीड कोस येताना, दीड कोस जाताना, वैशाखाच्या उन्हात. पिलेलं पाणी घरी पोचेपर्यंत घामानंच निघून जात असेल. आणि मी चुलीपाशी बसून म्हणत होते, चालून येतील आणि घरचं आणखी पितील.

त्या वर्षी उन्हाळ्यात पाणी नेहमीसारखंच उतरलं, फार नाही. होडी काठाशी अर्धी बुडालेली होती ती उघडी पडली. मालकांनी विचारलं, "काय करू तिचं?" तेव्हा बोलायला हवं होतं. घराच्या मागं फळी वाळत होती, बसप्पा अजून होते, हात थरथरत होते तरी सांगायला होते. पण मी म्हणाले, "तुमीच बघा." तिच्यासाठी मी काही मागावं असा मला हक्कच उरला नाही असं वाटलं. मालकांनी खिळे काढले, फळ्या सुट्या केल्या. त्या शेजाऱ्यांच्या गोठ्याला गेल्या. बाभळीच्या फासळ्या बरेच दिवस अंगणात पडून होत्या. बसप्पा पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर या भागात लाकडाची होडी मी बघितली नाही.

आता माझी मुलगी शिकायला सोलापूरला आहे. तिला तो ताप आठवत नाही. एकदा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, पण तुझं चुकलं कुठं? लेकरू आजारी असताना कुणीही हेच केलं असतं." ती बरोबर बोलते. मी स्वतःला किती वेळा हेच सांगितलंय. त्या दिवशी मागं जाऊन पुन्हा उभी राहिले, तरी रांजणातलं पाणी मी होडीला देणार नाही. हे मामांनाही माहीत असणार. म्हणून तर ते कधी भांडले नाहीत.

पण रोज ऊन डोक्यावर आलं की एक म्हातारा माणूस घामानं निथळत दारातून आत यायचा आणि खाली न बसता कळशी शोधायचा. मी चुलीपाशी असायचे, चार हातांवर. "मामा, एवढ्या उन्हात कुठून आलात? पाणी पिलात का?" असं एकदाही माझ्या तोंडातून निघालं नाही. विचारायला काही पाणी लागत नव्हतं.